कोरडा धरायचा, ओला झेलायचा

यंत्रमानव विकत घेतला तरी त्याच्याबरोबर पंजा येत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. कारखान्यात येऊन पडतो तो नुसता लोखंडी दंड. त्याला खांदा असतो, कोपर असते, मनगट असते आणि मनगटाच्या टोकाला एक सपाट चकती असते. चकतीवर बोल्टांसाठी सहा भोके असतात. यंत्र बनवणाऱ्याचे काम तिथे संपते. पुढे काय लावायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे, कारण काय उचलायचे आहे हे त्यालाच ठाऊक असते. गेली चार वर्षे हे ठरवणे हा माझा व्यवसाय आहे.

या दिवाळी अंकासाठी लिहायचे ठरले तेव्हा मी केलेल्या सगळ्या पंज्यांची यादी काढली होती. ती बाजूला ठेवली. लिहिण्यासारखा पंजा पहिलाच आहे. तो करत असताना मी एका बाईचा इतका हेवा केला, की त्याचा परिणाम थेट आराखड्यावर झाला. असे कबूल करणे शास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभत नाही म्हणावे, तर निरीक्षण लपवू नये हेही शास्त्रानेच शिकवलेले आहे.

माझे वडील गडहिंग्लजच्या शाळेत शास्त्र शिकवत. मी कोल्हापुरात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले, पहिल्या वर्गात, आणि महाविद्यालयात शिकवण्याची वाट न धरता शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत नोकरी धरली. पंपांना लागणाऱ्या डिझेल इंजिनांचे बिडाचे भाग तिथे ओतले जात. माझ्यासाठी 'विकास विभाग' नावाची काचेची एक केबिन उभी केली होती. विभागात मी एकटीच होते आणि नेमणूक तात्पुरती होती.

फौंड्रीतील एकच गोष्ट वाचकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. इंजिनाच्या भागात पोकळी हवी असेल, तर साच्याच्या आत वाळूचा एक घट्ट आकार ठेवतात. भोवतीने बीड ओततात, बीड थंड झाले की वाळू फोडून बाहेर काढतात. वाळूची जागा म्हणजे पोकळी. या वाळूच्या आकाराला 'कोर' म्हणतात. कोर ठिसूळ असतो. वितळलेल्या बिडाने त्याची वाळू भाजून चिकटू नये म्हणून त्याला ग्राफाइटच्या काळ्या पाण्यात बुडवून भट्टीत सुकवतात. आमच्याकडे हे बुडवण्याचे काम बायका हाताने करत. हात कोपरापर्यंत काळे होत, हिवाळ्यात कातडी फुटे. म्हणून मालकांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून यांत्रिक हात तीन महिन्यांच्या बोलीवर आणला. चालला तर ठेवायचा आणि मला कायम करायचे. न चालला तर हात परत आणि विकास विभाग बंद. इंगवले साहेबांनी, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरांनी, ही अट मला उभ्या उभ्या सांगितली होती.

हाताची पेटी उघडली तेव्हा सगळे कोर शॉप भोवती जमले.

"पंजा कुठं हाय ह्येचा?" कुणीतरी विचारले.

"पंजा मॅडम देणार हायत," इंगवले साहेब म्हणाले.

"म्हंजे थोटं हाय की हे!" मागून एका बाईचा आवाज आला, आणि सगळे हसले. त्या दिवसापासून त्या यंत्राचे नाव 'थोट्या' पडले. विक्रेत्याच्या पत्रकातील इंग्रजी नाव पुन्हा कोणी उच्चारले नाही.

तो आवाज जैतून शिकलगारचा होता. ती मूळची मलकापूरची. वडील कात्र्या-सुऱ्यांना धार लावत. शिक्षण सातवीपर्यंत, वयाने माझ्याहून दोन वर्षे लहान. काळ्या पाण्याच्या हौदावर ती आठ वर्षे उभी होती. आमच्याकडे सर्वांत अवघड कोर इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्याचा. तो नाजूक, वाकडातिकडा आणि मानेशी बारीक असतो. तो बुडवायचे काम जैतूनकडेच असे. तिच्या हातून कोर मोडल्याचे कोणाला आठवत नव्हते. साच्यात काही बिघडले, वाळूचा वास बदलला, भट्टी कमी-जास्त झाली, की साहेब माझ्या केबिनवरून पुढे जात आणि हौदाशी थांबत. "जैतूनबी, बघ गं जरा." ती कोर उचलून कानाशी नेई, नखाने वाजवी आणि सांगे, "कच्चा हाय." माझ्याकडे वाळूची ताकद मोजण्याचे यंत्र होते. त्याचे उत्तर अर्ध्या तासाने येई आणि तेही 'कच्चा' हेच असे.

पंजा निवडणे हे स्वयंपाकघरातील कामासारखे आहे. भाकरी चिमट्याने उलटतात, दुधाचे पातेले सांडशीने धरतात, पापड बोटांच्या टोकांनी आणि अंडे तळहातावर. वस्तूचे वजन, तिचा नाजूकपणा, ती गरम आहे की ओली, हात थांबताना तिला बसणारा हिसका या साऱ्याचा हिशेब मांडला, की कोणती पकड हवी ते कागदावर दिसू लागते. मला या कागदाचा अभिमान होता.

माझी पहिली निवड हवेने ओढून धरणाऱ्या रबरी वाट्यांची होती. काचेची तावदाने अशाच वाट्यांनी उचलतात. कोरवर चिमटीचा दाब येणारच नाही, हा त्यातील डौल. मी वाट्या हौदाशी नेल्या. इंगवले साहेब आले. जैतून हात पुसत उभी राहिली.

"मॅडम, एक बोलू?"

"बोल."

"ही वाळू हाय. वाळूतनं वारा जातोय की. कशी चिकटंल वाटी?"

वाळूतून हवा जाते हे मला माहीत नव्हते असे नाही. पंप पुरेसा मोठा घेतला तर गळतीवर मात होईल, असा माझा हिशेब होता. "ते मी धरलेलं आहे," मी म्हटले आणि बटण दाबले. वाटीने कोर वीतभर उचलला, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि कोर खाली येऊन फुटला.

"मॅडम, तुमचं गणित पास झालं," इंगवले साहेब म्हणाले, "कोर नापास झाला."

सगळे हसले. जैतून हसली नाही. ती खाली वाकून तुकडे गोळा करू लागली. ती हसली असती तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर मी जे केले ते मुद्दाम नोंदवते. मी सगळ्या चाचण्या हौदापासून हलवून टूल रूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवण्याच्या खोलीत, नेल्या. "कोर शॉपमध्ये धूळ फार, हवेच्या झडपा बिघडतात," असे मी लेखी कारण दिले. कारण खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते. मला माझी प्रत्येक चूक तिच्या डोळ्यांदेखत करायची नव्हती.

तिच्यावर मात्र माझी नजर सतत असे. केबिनच्या काचेतून मी घड्याळ लावून तिचा एकेक कोर मोजत असे. उजव्या हाताने ती कोर वरच्या गड्ड्याला धरी. गड्डा म्हणजे साच्यात टेकणारा भाग. तिथे ओरखडा आला तरी ओतलेल्या वस्तूवर उमटत नाही. मग कोर काळ्या पाण्यात जाई, पाठोपाठ डावा हात जाई, पाणी थोडे हले, आणि कोर बाहेर येऊन तिरका होई, जादा पाणी निथळे. मी वहीत लिहिले: 'पकड – वरचा गड्डा. डावा हात – पाणी ढवळण्यासाठी.' एकदा तिच्या हातून एक कोर खरोखरच निसटला आणि हौदाच्या काठावर आपटला. मी वेळेसह त्याची नोंद केली. नोंद करताना मला आनंद झाला होता. एका मजुरणीचा कोर फुटल्याचा आनंद पहिल्या वर्गातल्या एम.एस्सी.ला व्हावा, हेही मी त्याच वेळी पाहिले आणि वही मिटली.

टूल रूमचे कारागीर दत्तू मिस्त्री यांनी मला तीन बोटांचा पंजा करून दिला. बोटांना आतून रबर होते आणि ती हवेच्या दाबाने गड्ड्याला तिन्ही बाजूंनी सारखी आवळत. दत्तू मिस्त्री काम हाती देताना नेहमी शिवी हासडत. या पंज्याला त्यांनी शिवी दिली नाही. शंभर कोर उचलले, शंभर ठेवले, एकही मोडला नाही. मी त्याचा आलेख काढून साहेबांना दिला.

"पाण्यात बुडवून बघितलं?" साहेबांनी विचारले.

"बुडवल्यावर वजन किती वाढतं ते मोजलंय. त्यापेक्षा दुप्पट ताकद पकडीत ठेवलीय."

"बुडवून बघितलं का, विचारतोय."

"टूल रूममध्ये हौद नाही, साहेब."

त्यांनी आलेख घडी करून खिशात ठेवला. "बरं. मालक गुरुवारी येणार हायत."

गुरुवारी मालक आले, पुण्याचा विक्रेता आला. थोट्याने कोर सफाईने उचलला, हौदावर नेला, बुडवला. लोकांनी माना डोलावल्या. मग हात वर आला आणि बोटांत नुसता गड्डा होता. खालचा कोर पाण्यातच राहिला होता, मानेशी मोडून. दुसरा कोर घेतला. पुन्हा गड्डाच वर आला. तिसऱ्या वेळी विक्रेत्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले. मालक निघाले. जाताना साहेबांशी दारात दोन वाक्ये बोलले.

"पुढच्या गुरुवारी ट्रक येतोय," साहेब परत येऊन म्हणाले. "थोट्याला न्यायला. त्याच्या आत काय हुतंय का बगा. न्हाय झालं तर मला तुमच्यासाठी दुसरीकडं शब्द टाकायला लागंल."

केबिनमध्ये बसून मी हिशेब पुन्हा तपासला. चूक नव्हती. पकड सुटली नव्हतीच, कोर तुटला होता. मी पकडीचा विचार केला होता, पकडलेल्या वस्तूचे पाण्यात काय होते याचा केला नव्हता. ते ज्या बाईला ठाऊक होते ती माझ्यापासून तीस पावलांवर उभी होती, आणि ती तीस पावले चालायला मला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला.

जैतून हौदामागच्या कट्ट्यावर भाकरी आणि खर्डा खात होती.

"जैतून, तुझा कोर पाण्यातून वर येताना मोडत कसा नाही?"

ती चावायची थांबली. "आज विचारताय व्हय?"

"आज विचारतेय."

"मला वाटलं तुमी कधी विचारतच न्हाय. रोज काचंतनं बगत बसताय. म्या आमच्या ह्यांस्नी सांगितलं घरात, मॅडम माज्यावर नजर ठेवून हायत, मला काढत्यात बहुतेक." तिने भाकरी फडक्यात गुंडाळली. "या. बाह्या वर करा. सांगून कळायचं न्हाय, करून दावतो."

(कोल्हापुरी बाई स्वतःविषयी 'करतो, जातो' असेच बोलते. वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.)

मी बाह्या वर केल्या. तिने माझ्या उजव्या हातात कोर दिला. "बुडवा. आता वर काढा." मी काढला; मानेशी कट्‌ झाले.

"मोडला."

"मोडणारच. पाणी प्याला की मऊ पडतोय. त्यात आपलं वजन घेऊन लोंबकळतोय. आता डावा हात पाण्यात घाला. आत. आणि खाली. कोरच्या खाली न्या, तळवा वर. हां. आता उजव्या हाताची बोटं सैल सोडा."

"सोडू? पडेल."

"पडंल कुठं? खाली हात हाय की तुमचाच! सोडा म्हणतो न्हवं."

मी बोटे सैल केली. कोर माझ्या डाव्या तळव्यावर टेकला. काळ्या पाण्याच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी.

"आता वर आणा. धरू नका. नुस्तं आणा."

कोर अखंड वर आला.

"कोरडा धरायचा, ओला झेलायचा," जैतून म्हणाली. "एवढंच हाय मॅडम त्यात. लेकराला न्हाऊ घालताना न्हाई का, न्हाणीत नेईस्तवर बकोटीला धरून नेतो. न्हालं की खाली हात घालून उचलतो."

वहीत मी लिहिले होते, 'डावा हात – पाणी ढवळण्यासाठी.' काचेतून पाहिले तर काळ्या पाण्याखाली काय चालते हे दिसत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वहीच्या मालकिणीला सुचली नव्हती. पाण्याने वाळू बांधणारा डिंक मऊ होतो, ताण बारीक मानेवर एकवटतो, खालून आधार दिला की तो सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो: हे मी संध्याकाळपर्यंत दीड पानात मांडले. बरोबर मांडले. आणि मांडून झाल्यावर हेवा उतरण्याऐवजी चढला. जे मला दीड पान लागले ते तिच्या मनगटात आठ वर्षे पडून होते, आणि ते विशेष काही आहे असे तिला वाटतही नव्हते.

पाच दिवसांत दत्तू मिस्त्रींनी पंजा बदलून दिला. वर तीच तीन बोटे, आणि खाली दोन वाकडे दांडे. त्यांना आम्ही 'झेल' म्हणू लागलो. कोर पाण्यात बुडालेला असतानाच झेल खालून मिटत, मग वरच्या बोटांची हवा कमी होई, कोर झेलांवर टेके, आणि हात वर येऊन तिरका होई. या वेळी चाचण्या हौदावर झाल्या. जैतून शेजारी उभी राहून बोलत होती.

"लई वेगात काढतोय त्यो. काळं पाणी चिकटून मागं ओढतंय. सावकाश."

मी वेग कमी केला.

"हां. आता माज्यागत करतोय मेला."

गुरुवारी ट्रक आला होता, पण रिकामाच परत गेला. मालक स्वतः हौदाशी उभे राहून वीस-पंचवीस कोर मोजत होते. मग वळून त्यांनी विचारले, "हे खालून झेलायचं कुणाच्या डोक्यातून आलं?"

मी उत्तर देण्यापूर्वी जो काळ गेला तो मी घड्याळाने मोजलेला नाही. तो पुरेसा लांब होता. कारण जैतूनच बोलली.

"मॅडमनी केलंय, मालक. म्या नुस्तं दावलं."

"वा!" मालक म्हणाले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मी तो घेतला. तिच्या वाक्यातले दोन्ही भाग खरे होते. त्यांनी पहिला उचलला आणि मी दुसरा उचलून दिला नाही. आतापर्यंत मला तिच्या हातांचा हेवा होता. त्या क्षणी असे दिसले की जी गोष्ट मी मुठीत आवळून धरली होती, ती तिने सहज सोडून दिली. आणि मला तिच्या या सोडण्याचाही हेवा वाटला.

मला कायम केले. विभागाला एक जोडीदार मंजूर झाला आणि निवड माझ्यावर सोपवली. इंगवले साहेब म्हणाले, "कोण पायजे ते सांगा. बाहेरचा घ्या न्हाय तर आतला." 'आतला' म्हणताना त्यांनी हौदाकडे पाहिले, हे मी पाहिले. तीन दिवस विचार करून मी डिप्लोमाधारक उमेदवार मागितला. अर्जात लिहिले, 'आराखडे वाचण्याचे ज्ञान आवश्यक.' आलेले गृहस्थ सरळ आणि मेहनती आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, आणि हेवाही नाही.

जैतूनला हौदावरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवले. तिच्या हातांची कातडी बरी झाली. पुढे आमच्या मालकांच्या ओळखीने इतर कारखानेही मला पंज्यासाठी बोलावू लागले. कुठे गरम पत्रा उचलायचा असे, कुठे ओला साबण. प्रत्येक वेळी आराखडा करण्याआधी मी काहीतरी निमित्त काढून तपासणीच्या टेबलाशी जात असे. "जैतून, ओला साबण कसा धरशील?" "धरू नका, त्यो पळतोय. कोपऱ्यात दाबा." माझ्या नावावर आज जे पंजे चालू आहेत, त्यांपैकी निम्म्यांची पहिली ओळ त्या टेबलावर बोलली गेलेली आहे.

गेल्या महिन्यात असेच एक निमित्त घेऊन मी गेले होते. उत्तराऐवजी तिने हातातला कोर खाली ठेवला.

"मॅडम, एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"तुमच्याकडं माणूस पायजे हुता, तवा मला का घेतलं न्हाय?"

"आराखडे वाचता यायला हवे होते. डिप्लोमा–"

"ते अर्जातलं झालं. खरं सांगा की."

आजूबाजूला कोणी नव्हते. असते तरी मी बोलले असते, असे मला वाटते. खात्री देत नाही.

"तू माझ्या शेजारी बसली असतीस," मी म्हटले, "तर मला रोज कळलं असतं, की हे काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तिने माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. काटा नीट बसला की नाही हे पाहताना ती वजनकाट्याकडे जसे पाहते, तसे पाहत होती.

"मग आत्ता कळत न्हाय व्हय?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंगवले साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. विकास विभागात आणखी एक जागा करावी, तिला शिक्षणाची अट नसावी आणि त्या जागेवर श्रीमती जैतून शिकलगार यांना घ्यावे. कारणाच्या रकान्यात मी चार वर्षांतले पंजे एकेक करून लिहिले आणि प्रत्येकापुढे तिने काय सांगितले होते तेही लिहिले. साहेबांनी पूर्ण वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "लई उशीर केला मॅडम." मग सही केली.

येत्या सोमवारपासून ती माझ्या केबिनमध्ये बसेल. तिची खुर्ची कालच आली. ती खिडकीजवळ, उजेडाच्या बाजूला ठेवावी असे दत्तू मिस्त्री म्हणाले. तिथे गेली चार वर्षे मी बसत आले आहे. मी माझी खुर्ची हलवली. हलवताना मला वाईट वाटले, हेही इथे नोंदवते.